फॅसिओला की फॅसिओलॉप्सिस?

रुग्णाला प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध देऊन झालं होतं, तरी मलाच्या नमुन्यात अंडी दिसतच होती. डॉक्टरांनी नवा नमुना आमच्याकडे पाठवला आणि फोन केला, "मॅडम, हा कृमी औषधाला दाद का देत नाही?" सोबत दुसऱ्या लॅबचा जुना रिपोर्ट होता. त्यावर छापलं होतं: फॅसिओलॉप्सिस बस्की.

ही अंडी जड असतात. मिठाच्या द्रावणात तरंगत नाहीत, म्हणून गाळ बसवूनच शोधावी लागतात. घाईच्या लॅबमध्ये हे होत नाही आणि 'कृमी नाहीत' असा रिपोर्ट बिनदिक्कत जातो. निदान त्या लॅबने अंडी शोधली होती, हे त्यांचं श्रेय. गाळाचा थेंब काचपट्टीवर घेतला, प्रकाश कमी केला. पिवळसर तपकिरी, पातळ कवचाचं, मोठं अंडं. मायक्रोमीटरने मोजलं तर लांबी 140 मायक्रॉन, रुंदी 75 च्या आसपास. वरच्या काचेला पेन्सिलीच्या टोकाने हलकेच टोचलं की अंडं कुशीवर वळतं आणि एका टोकाच्या झाकणाची बारीक रेघ दिसते. ती रेघ दिसली की मला अजूनही आनंद होतो.

पण याच मापाचं, याच रंगाचं, असंच झाकण असलेलं अंडं दोन कृमी घालतात. फॅसिओला हेपॅटिका यकृताच्या पित्तनलिकांत राहतो, फॅसिओलॉप्सिस बस्की आतड्यात. आतड्यातल्याला प्राझिक्वांटेल लागू पडतं, यकृतातल्याला ते भरवशाचं नाही; त्याला ट्रायक्लाबेंडाझोलच लागतं.

नावंच सगळं सांगतात. लॅटिनमध्ये फॅसिओला म्हणजे छोटी पट्टी, आणि हेपॅटिका म्हणजे यकृताची. पट्टी स्त्रीलिंगी, म्हणून 'हेपॅटिकस' लिहिलं की चूक. लिनियसने 1758 साली दिलेलं हे नाव आजही तसंच आहे. 'ऑप्सिस' म्हणजे सारखा दिसणारा. फॅसिओलासारखा दिसतो, म्हणून फॅसिओलॉप्सिस. 'बस्की' हे जॉर्ज बस्क यांच्यावरून; 1843 साली लंडनमध्ये एका खलाशाच्या शवविच्छेदनात त्यांना तो आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सापडला होता. रोमन लिपीत दोन्ही नावांची पहिली सात अक्षरं एकच. त्यातलं 'सी' उच्चारात हरवतं, म्हणून टायपिंगमध्ये ते हमखास गळतं.

डॉक्टरांना विचारलं, "उजव्या बरगडीखाली दुखतं का? इओसिनोफिल किती आहेत?" दुखत होतं, इओसिनोफिल (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बरेच वाढलेले होते, मधे तापही येऊन गेला होता. जनावराचं बाधित यकृत खाल्लं तरी अंडी नुसतीच पोटातून पुढे जाऊन मलात दिसतात, म्हणून यकृत वर्ज्य करून पुन्हा नमुना मागवला. अंडी होतीच. अँटिबॉडी तपासणी फॅसिओलासाठी पॉझिटिव्ह आली. ट्रायक्लाबेंडाझोल वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम या मात्रेने दिलं आणि पुढच्या नमुन्यांतून अंडी गेली.

मग जुन्या लॅबला फोन केला. तिथल्या तंत्रज्ञाने वहीत हाताने 'फॅसिओला' असंच लिहिलं होतं. संगणकावर पहिली अक्षरं टाकली की नावांची यादी उघडते. टायपिस्टने त्यातलं खालचं नाव निवडलं. सही करणाऱ्याने वही उघडलीच नाही. माझा राग टायपिस्टवर नाही, त्या सहीवर आहे.

तरी एक गोष्ट मला सोडत नाही. टायपिस्टने बरोबर नाव निवडलं असतं, तर रुग्णाला योग्य औषध लवकर मिळालं असतं. पण तंत्रज्ञाने तरी नुसतं अंडं बघून 'फॅसिओला' कसं लिहिलं? फॅसिओलाच्या अंड्याचं झाकणाविरुद्धचं टोक बरेचदा किंचित खडबडीत असतं, पण तेवढ्यावर मी सही करणार नाही. आमच्या रिपोर्टवर मी आता दोन्ही नावं लिहिते आणि खाली रक्ततपासणी व सोनोग्राफी सुचवते. आमच्या वरिष्ठांना ते पसंत नाही. डॉक्टरांना एकच नाव हवं असतं, असं त्यांचं म्हणणं. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.