केस परत आले, फेऱ्या चालूच

केमो संपली तेव्हा घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझी कॅन्सरची गाठ हर-२ पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं हर-२ हे प्रथिन तिच्यात जास्त. त्यामुळे दर ३ आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब (त्या प्रथिनाला अडवणारं, सलाईनमधून द्यायचं औषध), एकूण १८ डोस, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाट तेव्हा बाकी होती. या औषधाने सहसा केस जात नाहीत. माझे वाढू लागले आणि सगळ्यांना वाटलं, ही बरी झाली. मी मात्र दर तिसऱ्या मंगळवारी त्याच खुर्चीत बसत होते. हा एकटेपणा आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

पहिल्या वेळी अख्खा दिवस मोकळा ठेवा, सोबत कुणीतरी हवंच. पहिला डोस मोठा असतो, दीड तास सावकाश सोडतात, नंतरही लक्ष ठेवायला थांबवून घेतात. मला मध्येच अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. सिस्टरने सलाईन थांबवलं, औषध दिलं, थंडी ओसरल्यावर हळूहळू पुन्हा सुरू केलं. असा त्रास बहुतेक पहिल्याच डोसला होतो. श्वास अडला किंवा चेहरा सुजला तर मात्र लगेच हाक मारा. पुढचे डोस अर्ध्या तासात उरकायचे, पण रक्ततपासणी आणि औषध तयार होण्यात अर्धा दिवस जायचाच.

खरी धास्ती हृदयाची. या औषधाने हृदयाचा पंप कमजोर पडू शकतो, म्हणून दर ३ महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. नवव्या डोसनंतर माझं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ६२ वरून ४८ वर आलं आणि पुढचा डोस थांबवला. त्या महिन्यात मी खूप रडले; औषध थांबलं म्हणजे आजार मोकळा सुटला, असंच वाटायचं. पुन्हा इको केला, ५७ आलं. हा परिणाम बऱ्याचदा भरून निघतो. खंड पडल्यामुळे पहिल्यासारखा मोठा डोस परत घ्यावा लागला. एका आठवड्याहून जास्त उशीर झाला की तसं करतात. तेव्हा प्रवास, लग्नकार्य तारखा बघूनच ठरवा.

इको शक्यतो एकाच ठिकाणी करा आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. जिना चढताना धाप, घोट्यांना सूज, आडवं झाल्यावर गुदमरणं, अचानक वाढलेलं वजन, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. दर वेळी बाटलीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या, कारण ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन हे वेगळंच औषध आहे. वय तरुण असेल तर शेवटच्या डोसनंतरही ७ महिने गर्भधारणा टाळायची असते. हे स्वतःहून विचारा.