काटो नाय तर मासो कसलो?

मुंबईतल्या एका महागड्या शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये मी कॅप्टन आहे. गाव आचरा, मालवणच्या अलीकडे. घरी ताटात मासळी नसली की आज कसला वार, असं विचारतात. आणि नोकरी अशी, की स्वतःच्या डब्यात सुकट आणायचीसुद्धा सोय नाही. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटवर बनतं म्हणून बाद, वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा म्हणून तोही बाद, पन्ना कोटा या गोड पदार्थात प्राण्यांच्या जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळाचं अगर-अगर. हे सगळं मी झोपेतही सांगेन.

मार्चमधला शुक्रवार होता, हॉल भरलेला. सहा नंबरवर आठ जण. लग्न ठरलं होतं. मुलगा गुजराती जैन, मुलगी आपल्याकडची. मुलीचे वडील शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावून बसले होते आणि मेनू हात लांब करून वाचत होते.

"पप्पांसाठी ती फिशवाली डिश," होणारा जावई म्हणाला. पोरगं भलं, मनापासून म्हणालं. ती आमची गाजलेली डिश. केळफुलाच्या पाकळ्या, समुद्राचा वास यावा म्हणून नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी, वर रव्याचं कुरकुरीत आवरण. मला ती कधीच आवडली नाही, पण कॅप्टनला मत नसतं.

त्यांनी पहिला घास घेतला आणि जबडा थांबला. जीभ हळूच घास चाचपू लागली, या गालातून त्या गालात. मी पाण्याचा जग घेऊन मागेच उभा होतो; ओळखलं लगेच. माणूस काटा शोधत होता. जन्मभराची सवय, ती काही मेनू वाचून जात नाही. काटा सापडला नाही तेव्हा त्यांनी घास गिळला आणि पुटपुटले, "काटो नाय तर मासो कसलो?"

मला हसू आवरेना. वाकून विचारलं, "काका, खयचे तुम्ही?"

त्यांनी वर पाहिलं. "देवगड. तू खयचो रे झिला?"

"आचऱ्याचो."

गळ्याचं बटण तिथे सुटलं.

आत त्या दिवशी ओले काजूगर आले होते. मेनूत ते चार अर्धुकं, नारळाचा फेस आणि वर एक फूल असे जातात. शेफ गढवालचा, तापट पण चवीचा पक्का. मी म्हटलं, दोन मुठी द्या, उसळ करू. शुक्रवारी रात्री, ताटं बाहेर जातात त्या पासवर ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची माळ लागलेली असताना! त्याने मला दोन शिव्या दिल्या आणि कांदा-खोबरं भाजायला घेतलं. गरम मसाला जास्त पडत होता, तो मी थांबवला. शेवटी दोन आमसुलं.

"प्लेटिंग?" शेफने विचारलं.

"वाटी."

काकांनी चमचा बाजूला ठेवला आणि पोळी मोडली. बोलले नाहीत. अर्धी वाटी संपल्यावर बोटांची टोकं निरखत म्हणाले, "ह्या दिवसांत घरी हात काळे असतात आमचे." काजूच्या सालीतला चीक बोटं भाजतो, कातडं सोलून निघतं, वर फूल ठेवणाऱ्यांना ते दिसत नाही. मग विचारलं, "इथे हे कसे देतात?" मी किंमत सांगितली. गावाकडे काजूगर शेकड्यावर विकतात. त्यांनी वाटीतले उरलेले मोजले. अकरा.

विहीणबाईंनी कौतुकाने चमचा पुढे केला. यात कांदा आहे, मला सांगावंच लागलं. चमचा हवेतच थांबला. टेबलावर क्षणभर अवघड शांतता. काका म्हणाले, "आमच्याकडे या. कांद्याशिवाय करू, हिंग घालून." बाईंनी मान डोलावली, खरंच येतील का, देव जाणे.

मेनूबाहेरच्या पदार्थावरून मॅनेजरने मला बाजूला घेऊन झापलं ते वेगळंच. बिलात मी काजूची डिश दोनदा लावली.

निघताना सगळे लिफ्टकडे गेले आणि काका हात धुवायचं निमित्त करून मागे राहिले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "उसळ बरी होती हां. पण आता ह्या टायमाक बांगडो खय गावतलो?"

मी रस्ता सांगितला. सिग्नलवरून डावीकडे, साडेअकरापर्यंत उघडं.

"जावयाक सांगू नको," म्हणाले, आणि बटण परत लावलं.