बविंडीतला एक तास

आज युगांडातल्या बविंडीच्या जंगलात गोरिला पाहिले. पोटऱ्या भरून आल्यात, तरी लिहितेय, कारण निघताना बरेच जण म्हणाले, "त्यासाठी एवढं लांब? प्राणिसंग्रहालयात दिसतात की!" नाही दिसत. तिथे असतात ते सखल जंगलातले. हे माउंटन गोरिला. जगात जेमतेम हजारभर, त्यातले निम्म्याहून थोडे कमी बविंडीच्या परिसरात, बाकीचे रवांडा-काँगो-युगांडाच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगरांत.

वाट म्हणजे नुसता चढ, चिखल आणि हाताला आग लावणारी झुडपं. हातमोजे न्याच. आणि गावातला हमालही घ्या. माझी सॅक त्यानं उचललीच, वर दोनदा मलाही ओढून काढलं. पुढे गेलेले माग काढणारे रात्रीची घरटी शोधतात, कारण गोरिला रोज नवं घरटं करून झोपतात.

आणि मग तो. चंदेरी पाठीचा कुटुंबप्रमुख. उसाची सोलावी तशी देठाची साल दातानं ओढून आतला गर खात होता. आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही! पिल्लू मात्र वेलीला लोंबकळत आम्हालाच न्याहाळत होतं.

आठच पर्यटक, तोंडाला मास्क, बरोब्बर एक तास. परदेशी माणसाला परवाना 800 डॉलर, रवांडात 1500. महाग आहेच, पण जंगल राखलं जातं ते याच पैशावर, त्यामुळे मला खटकलं नाही. 15 वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. सर्दी-खोकला असेल तरी परत पाठवतात, कारण आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते.