जीभ दाखव

परवा दुपारी दवाखान्यात एक पोरगा आला. तीन दिवस ताप. म्हटलं, "आ कर, जीभ दाखव." तर त्यानं मोबाईल पुढं केला. "ह्यात सगळं हाय डॉक्टर. सीबीसी, डेंग्यू, कालच केलंय."

"बघतो रे. आधी जीभ."

जीभ बघायची मला खोडच आहे. टायफॉईडची जीभ मधे पांढरी, टोकाला नि कडेला लाल. रक्त कमी असलं की फिकट. आणि मिसळीचा कट किती ओढलाय तेही कळतं. "पथ्य पाळतोय" म्हणणाऱ्याची जीभच चुगली करते.

या पोराची तंबाखूचा मावा खाऊन तपकिरी. रिपोर्टात डेंग्यू. जिभेवरून मला तो जन्मात कळला नसता.

लहानपणी आम्ही धुतलेली बाटली घेऊन कोल्हापुरात गंगावेशीतल्या डॉक्टरांकडं जायचो. कंपाउंडर तीत मिक्श्चर भरायचा, कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा मारायचा नि खळीनं बाटलीला चिकटवायचा. एक खाच, एक डोस. औषध कडू जहर. वाटेत एक डोस गटारात ओतायचा, पट्टी ओली असतानाच वरची खाच फाडून टाकायची. आईला कधी कळलं नाही. ताप तरीही उतरायचा. औषधावरचा माझा विश्वास तेव्हापासूनच जरा बेताचा.

"तेव्हाचे डॉक्टर नुसत्या नाडीवरून सांगायचे," असं लोक मला ऐकवतात. मी गप्प बसतो.

१९८६ च्या पावसाळ्यात तालमीतले एक वस्ताद आले होते. छातीत जळजळतंय, रात्री तांबडा रस्सा जास्त झाला म्हणाले. जीभ बघितली, पांढरट. नाडी बघितली, पोट दाबलं. ईसीजी काही तेव्हा नवलाईचा नव्हता, आईनथोव्हेनला त्यासाठी १९२४ सालीच नोबेल मिळालं होतं. पण माझ्याकडं मशीन नव्हतं, आणि एवढ्या तेवढ्याला वस्तादांना भर पावसात सीपीआरला, सरकारी हॉस्पिटलात, कुठं धाडायचं! कंपाउंडर जेवायला गेला होता. मिक्श्चर मीच भरलं, खाचाही मीच मारल्या.

पहाटे त्यांचा मुलगा सायकलवरून बोलवायला आला. मी पोचलो तेव्हा बाटली उशाशीच होती. एक खाच कमी झालेली.