रिसेप्शनचा डीजे ठरवताय? बेस-टॉपच्या आधी गाण्यांचं बोला

इंग्लंडमधल्या बऱ्याच हॉलमध्ये भिंतीवर एक मीटर बसवलेला असतो. त्याला साउंड लिमिटर म्हणतात. गाण्याचा आवाज ठरलेल्या डेसिबलच्या वर गेला की त्यावर लाल दिवा लागतो, आणि काही सेकंदांत आवाज खाली आला नाही तर डीजेच्या सॉकेटची वीजच तुटते. हॉलमधले दिवे चालू, गाणं बंद. म्हणून हॉल बघायला गेलेलं जोडपं भाड्याबरोबर हेही विचारतं, की लिमिटर आहे का आणि कितीला लावलाय. 90 डेसिबलला असेल तर डीजेचं भागतं, पण खरे ड्रम वाजवणारा बँड बोलावता येईलच असं नाही. स्पीकर न लावताही ड्रमचा आवाज तेवढा चढतो.

इकडे इंग्लंडला राहायला आल्यापासून या पद्धतीची लग्नं बघते आहे आणि दर वेळी परभणीची आठवण येते. आपल्याकडे परभणी असो, सेलू असो की गंगाखेड, डीजे ठरवताना पहिला प्रश्न असतो, "किती बेस, किती टॉप?" बेस म्हणजे जड, घुमणाऱ्या आवाजाचे बॉक्स आणि टॉप म्हणजे वरच्या, चढ्या आवाजाचे. गाणी कोणती, ती कोण निवडणार, कोणतं कधी वाजणार, हे विचारायचं राहूनच जातं. माझ्या मते रिसेप्शनचा विचका तिथूनच सुरू होतो. वरातीची गोष्ट वेगळी. तिथे पोरं नाचायलाच आलेली असतात. रिसेप्शनला मात्र जिंतूरची आत्या आणि नांदेडची मावशी वर्षानंतर एकमेकींच्या शेजारी बसतात, व्याही व्याह्यांशी पहिल्यांदा निवांत बोलतात. त्यांना एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे. हे एक पक्कं धरलं की पुढची निवड बरीच सोपी होते.

साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. 85 डेसिबलमध्ये आठ तास थांबणं ही कानांसाठी सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि त्यावर दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आता स्टेजजवळचे ते उंच बॉक्स आठवा. त्यांच्या अगदी समोर सोफे असतात, आणि सोफ्यावर मानाने कुणाला बसवतो? आजी-आजोबांना, नाहीतर तान्हं बाळ घेतलेल्या पोरीला. मोकळ्या लॉनवर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. त्यामुळे पुढे दोन दांडगे बॉक्स ठेवण्यापेक्षा चार-सहा लहान स्पीकर लॉनभर पांगवा आणि सगळे हळू ठेवा. मागच्याला ऐकू जातं आणि पुढच्याच्या छातीत धडधडत नाही. पत्र्याच्या कार्यालयात तर हे पाळायलाच हवं, कारण तिथे पत्रा आणि नुसत्या, पडदे नसलेल्या भिंती आवाज परत फेकतात, आणि मग माइकवरचं एक वाक्य धड कळत नाही.

कायदाही आहेच. ध्वनिप्रदूषण नियम 2000 पासून लागू आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सूट आहे ती बंदिस्त सभागृहाला, तीही आवाज आतल्या आत राहणार असेल तर. लॉन बंदिस्त नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचं 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, तेव्हा कार्यालय बुक करतानाच आजूबाजूला एक चक्कर मारा. इकडचा लिमिटर जे यंत्राने करतो, ते आपल्याकडे कुणीतरी माणसाने करायचं असतं. त्या माणसाविषयी पुढे लिहिते.

आता गाणी. इकडे डीजे लग्नाच्या बऱ्याच आधी नवरा-नवरीला भेटतो आणि दोन याद्या मागतो. एक हमखास लावायच्या गाण्यांची आणि दुसरी अजिबात न लावायच्या गाण्यांची. दुसरी यादी जास्त उपयोगी पडते. चाल ओळखीची असते म्हणून गाणं लागतं आणि शब्द निघतात ताटातुटीचे, बेवफाईचे. तिकडे नवरी हार घालून उभी! उडत्या चालीची दुअर्थी गाणीही सासू-सासऱ्यांसमोर नको वाटतात. यादीतलं प्रत्येक गाणं एकदा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐका, आणि डीजेकडे त्याचं मूळ रूप आहे की रिमिक्स हेही विचारून घ्या.

एन्ट्रीच्या गाण्यात एक चूक नेहमी होते. गाण्याआधी पाऊण मिनिट नुसतं संगीत असतं, जोडपं तेवढ्यात स्टेजवर पोचतं आणि ज्या ओळीसाठी गाणं निवडलं ती रिकाम्या वाटेवर वाजते. आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन फाटकापासून स्टेजपर्यंत सावकाश चाला, वेळ मोजा आणि ती ओळ चालतानाच येईल असं गाणं कापून घ्या. फाइल डीजेला पेनड्राइव्हवर द्या. ऐन वेळी नेटवरून लावायला गेलं की मध्येच जाहिरात वाजते, नाहीतर गाणं अडकतं.

सगळ्यात दुर्लक्षित वेळ म्हणजे स्टेजपुढची रांग. आहेर, फोटो, पुन्हा फोटो. हा भाग तासन् तास चालतो आणि पंगत किंवा बुफेही तेव्हाच सुरू असतो. याच वेळी आपल्याकडे नाचाची गाणी सोडून देतात, आणि वाढणाऱ्याला "भात की पोळी" हेसुद्धा ओरडून विचारावं लागतं. या वेळेला सनई, बासरी, जुनी भावगीतं, आई-बाबांच्या तरुणपणातली हिंदी गाणी लावा, तीही बोलण्याच्या खालच्या आवाजात. शेवटी अर्धा तास पोरांना नाचायला द्या. सगळं आधीच वाजून गेलेलं नसलं की त्या अर्ध्या तासाला खरी मजा येते.

मला मनापासून आवडलेली एक गोष्ट सांगते. इथल्या एका रिसेप्शनला मुलगी लातूरकडची होती आणि मुलगा इंग्रज. दोन्ही घरांनी आपापली यादी दिली होती. एन्ट्रीला त्यांनी संबळ लावला, आणि त्याआधी मुलीच्या भावाने माइकवर दोन वाक्यांत सांगितलं, की आमच्याकडे लग्नानंतर कुलदेवीचा गोंधळ घालतात, तेव्हा हे वाद्य वाजतं. पाहुणे गप्प बसून ऐकत होते. ज्यांच्याकडे तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांनी भाड्याचा बेस लावून संबळ विसरावा याचं मला वाईट वाटतं. एन्ट्रीला दहा मिनिटं खरा संबळ, नाहीतर हलगी बोलवा. एक मात्र पाळा. गोंधळ ही पूजा आहे. दोन रिमिक्सच्या मध्ये तो घुसवू नका. गोंधळ्यांना आधी विचारा, ते काय वाजवायचं आणि काय नाही ते नीट सांगतात.

गाणी वाजवायच्या परवान्याची विचारणा झाली तर माहीत असू द्या, की कॉपीराइट कायदा 1957 मधल्या कलम 52 मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभातल्या संगीताला सूट आहे. 2023 साली केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलं.

आता तो माणूस. रिसेप्शनमध्ये डीजेकडे प्रत्येक जण जातो. भाचा आवाज वाढव म्हणतो, काका कमी कर म्हणतात, मित्र चिठ्ठी देतो, आणि डीजे बिचारा शेवटच्याचं ऐकतो. म्हणून घरातला एकच जण ठरवा. नवरा-नवरी नको, त्यांचे आई-वडीलही नको, त्यांना त्या दिवशी फुरसत नसते. एखादी समजूतदार चुलत बहीण किंवा मामा चालतील. दोन्ही याद्या, एन्ट्रीची वेळ, दहाच्या आत लावायचं शेवटचं गाणं आणि वीज गेली तर माइक कशावर चालणार हे सगळं त्यांच्याकडे असू द्या. बयाणा देतानाच डीजेला सांगा, की आवाज आणि गाणं फक्त यांच्या सांगण्यावरून बदलायचं.