रविवारपर्यंत कळवते

गुरुवार, रात्री पावणेबारा

दुपारी मांजरांच्या शेल्टरमधल्या त्या मुलीचा फोन आला. मी ऑफिसच्या पँट्रीत डबा उघडून बसले होते आणि गवारीच्या भाजीसमोर तिला शेवंतीच्या, म्हणजे तिथून आणलेल्या माझ्या मांजरीच्या, शीचं सविस्तर वर्णन ऐकवत होते. रंग, पातळपणा, वरची ती बुळबुळीत चकाकी, वास. शेजारच्या टेबलावरची दोघं उठून गेली, ते मला नंतर लक्षात आलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अगदी सहज म्हणाली, "ताई, जमत नसेल तर परत आणून द्या. वाईट वाटून घेऊ नका, होतं असं."

आणि मला बरं वाटलं.

एवढंच झालंय आज. त्यावर दुपारी दोनपासून डोकं चालू आहे. राग यायला हवा होता, निदान "छे, काहीतरीच काय" असं तरी तोंडातून निघायला हवं होतं. मी म्हणाले, "बघते, रविवारपर्यंत कळवते." साडीच्या दुकानातून 'घरी विचारून सांगते' म्हणत बाहेर पडतात, तशी.

शेवंती घरी आल्याचा आज सतरावा दिवस. पहाटे साडेपाचचा गजर लावलाय, पण त्याच्या आधी वासानेच जाग येते. मग मोबाइलचा टॉर्च लावून बाथरूममधल्या ट्रेपाशी उकिडवं बसायचं. डॉक्टरांनी एक तक्ता दिलाय, फोटोंसकट. 1 म्हणजे खडा, 7 म्हणजे पाणी, 2 म्हणजे देवाची कृपा. आम्ही 5 आणि 7 च्या मध्ये फिरतोय. आकडा कालनिर्णयावर लिहिते, आईच्या दुधाच्या हिशोबाखाली. 'दूध 1, दूध अर्धा, खाडा' आणि खाली 6, 6, 7, 5, 6. कुणी आलंच घरी तर त्याला वाटेल मी कसले तरी गुण मांडतेय.

कुणी येत नाही म्हणा.

मंदारने त्याच्या मांजराचे व्हिडिओ पाठवले, पडद्यावर चढतंय, त्याच्या मांडीवर घोरतंय. माझं दिवाणाखाली, पार भिंतीला चिकटून. सतरा दिवसांत ते स्वतःहून माझ्याजवळ एकदाही आलेलं नाही. हात लागतो तो औषधाच्या वेळी, टॉवेलात गुंडाळून. आधीचं औषध तर इतकं कडू होतं की तोंडाला फेस आला तिच्या. मला वाटलं मेलीच. डॉक्टर फोनवर म्हणाले, "कडू लागलं की मांजरं अशी लाळ गाळतात, घाबरू नका." म्हणजे तिच्या आयुष्यात मी कोण, तर दिवसातून दोनदा टॉवेल घेऊन येणारी बाई. आणि या बाईने रात्री साडेअकराला बाथरूम धुवायचं, ट्रेवर उकळतं पाणी ओतायचं, सकाळी लोकलमध्ये उभ्याने झोपायचं. मीच का दरवेळी? घरात कुणाचंही काही बिघडलं की...

जाऊ दे.

खरं तर सुरुवात माझ्याच हाताने झाली. पहिल्या संध्याकाळी कौतुकाने वाटीभर दूध ठेवलं. मांजर आणि दूध, त्यात विचार काय करायचा? मोठ्या मांजरांना बहुतेक दूध पचतच नाही, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. वर दुसऱ्या दिवशी तिचं शेल्टरमधलं खाणं बंद करून महागाचा डबा उघडला. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांनी पूर्ण बदलायचं असतं. मी एका जेवणात बदललं. डॉक्टरांनी विचारलं, "दूध कुणी दिलं?" मी म्हणाले, "मावशींनी." मावशी त्या दिवशी कामावर आल्याच नव्हत्या.

तपासणीचा पहिला नमुना स्वच्छ आला. म्हणजे दोष फक्त माझ्या दुधाचा, असं धरून मी चार दिवस स्वतःला खात बसले. मग डॉक्टर म्हणाले, पोटात जंतू असला तरी तो प्रत्येक वेळी शीतून पडतोच असं नाही, एक दिवसाआड तीन नमुने बघू. ताजाच लागतो, आणि लॅब उघडते दहाला. मग केमिस्टकडची ती छोटी बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी. वर चिठ्ठी लावली 'शेवंती'. मावशींनी विचारलं, "ताई, अत्तर आणलं का?"

तिसऱ्या नमुन्यात तो जंतू सापडला. नाव जिआर्डिया. इतका आनंद मला गेल्या कित्येक महिन्यांत झालेला नाही. दूध एकटं दोषी नव्हतं! आता पाच दिवसांचं औषध, आज तिसरा. शिवाय प्रत्येक वेळी शी झाली की मागचे पाय आणि शेपटीखालचे केस ओल्या कापडाने पुसायचे. कारण जंतूची अंडी केसांना चिकटून राहतात, ती अंग चाटते, आणि पुन्हा पोटात. ('अंडी नाहीत हो, सिस्ट, कवचातले जंतू,' डॉक्टर म्हणाले. चिकटतात ना पण?) पुसताना ती माझ्याकडे बघत नाही. मान वळवून नळाकडे बघत राहते. आई अशीच बघायची, अंघोळीच्या वेळी.

तर बरं वाटणं. ते ओळखीचं होतं, म्हणून जास्त लागलं. दादा आईला नाशिकला घेऊन गेला त्या सकाळी मी फाटकापर्यंत गेले, गाडी वळेपर्यंत हात हलवला. वर आले, दार लावलं, चहा टाकला. एकच कप. त्या चहाबद्दल आज नको.

आईचा फोन रोज आठला असतो. हल्ली पहिला प्रश्न "मनीचं पोट कसंय?" (शेवंती हे नाव तिला मान्य नाही, मांजर म्हणजे मनी.) मग "ताक दे, जायफळ उगाळून चाटव." मी हो हो म्हणते आणि देत नाही. जायफळ मांजराला घातक. आईला हे सांगण्यात अर्थ नाही, तिने आम्हाला जायफळावर वाढवलंय. आज म्हणाली, दादाकडची बाथरूम फार गुळगुळीत आहे. मी म्हटलं, रबराची चटई घाल म्हणावं. कधी येतेस, असं मी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही.

तिला एक गोष्ट मुळीच सांगितलेली नाही. या घरात रोज चिकन शिजतं. तिच्या दुधाच्या छोट्या पातेल्यात. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, मांजराला ते विषच. म्हणजे पदार्थ तसा उपवासाचाच, फक्त कोंबडीचा. पहिल्या दिवशी खिडक्या लावून, पंखा चालू करून उकडलं. आता मोबाइल खांद्याला लावून आईशी बोलता बोलता हाताने तुकडे सोडवते. तेही चार दिवस पोटाला आराम म्हणून, कायमचं नुसत्या चिकनवर ठेवायचं नाही, असं बजावलंय. पातेलं मात्र आता काही परत दुधाकडे जात नाही.

रविवारी परत नेऊन दिलं तर काय, तेही मनात सगळं करून पाहिलं. रिक्षा, पिंजरा, सही. ती मुलगी काही बोलणार नाही, चांगली आहे. शेवंती आपल्या जुन्या खोलीत जाईल, पंधरा-वीस मांजरांत. आणि तिथे ट्रेमधली कुठली शी कुणाची, हे कळणार कसं? इथे मी नुसत्या वासावरून सांगते, आज 6 आहे. तक्ता न बघता. ही विद्या दुसरीकडे कुठे उपयोगी पडणार?

वजनाचंही तसंच. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग तिला सोडून एकटीने. फरक तो तिचा. आली तेव्हा 2.6, मग 2.4, काल पुन्हा 2.5. माझंही रोज कळतं, पण तो आकडा कालनिर्णयावर लिहीत नाही.

तरी ते बरं वाटलं ते वाटलंच. चिकन शिजवल्याने ते पुसलं जात नाही. उद्या त्या मुलीचा परत फोन आला आणि तिने परत तेच म्हटलं, तर पुन्हा वाटेल. आई म्हणाली की अजून महिनाभर राहते इथे, तरी वाटेल. आणि मग रात्री मी अशी वही घेऊन बसेन.

बाथरूममधून खरवडण्याचा आवाज यायला लागलाय. तिची एक सवय, ट्रे सोडून शेजारची फरशी खरवडते. वाळू तिथल्या तिथे, हिचे कष्ट फरशीवर. थांबली. वास नाही आला अजून.

टॉर्च कुठे ठेवला?