कलमाखालची बारीक ओळ

एका नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात मी बावीस वर्षे लिपिक होते. ती नगरपालिका ठाणे जिल्ह्यातली नव्हती आणि तिचे नाव सांगण्याचे इथे कारणही नाही. माझ्या टेबलावर उपविधींच्या, म्हणजे नगरपालिकेने स्वतः केलेल्या स्थानिक नियमांच्या, छापील पुस्तकाची कार्यालयीन प्रत असे, आणि मी रुजू झाले तेव्हाच ती मूळच्या दीडपट जाड झालेली होती. राजपत्रात दुरुस्ती आली की तेवढा मजकूर टंकलिखित करायचा, कात्रीने त्याची पट्टी कापायची आणि संबंधित उपविधीवर ती डिंकाने फक्त एका कडेने चिकटवायची, अशी पद्धत माझ्या आधीच्या वरिष्ठ लिपिकांनी घालून दिली होती. पट्टी पूर्ण चिकटवायची नाही, हे ते बजावून सांगत. ती उचलली की खालचा जुना मजकूर वाचता आला पाहिजे, कारण नियमभंग ज्या दिवशी झाला त्या दिवशी कोणता मजकूर लागू होता, हे न्यायालय विचारते. आज कोणता आहे, हे नव्हे.

एका पावसाळ्यात दमट हवेने एका पट्टीचा डिंक सुटला आणि ती सरकून पुढच्या पानाला जाऊन बसली. मी त्या पानाची छायाप्रत काढली, ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शिक्का मारला, साहेबांची सही घेतली आणि अर्जदाराला दिली. प्रकरण न्यायालयात गेल्यावर नक्कलेतला शुल्काचा दर रद्द झालेला असल्याचे उघड झाले, सुनावणी पुढे ढकलली गेली आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. नक्कल बरहुकूमच होती. अस्सलच बिघडलेले होते. खुलाशात हे वाक्य लिहिण्याचे धाडस मला झाले नाही, म्हणून इथे लिहिते.

निवृत्तीनंतर मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव माझ्या मुलाच्या वयाचा आहे. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, “काकू, आवारातल्या झाडाच्या फांद्या छाटायच्या आहेत, ओला कचरा इथेच जिरवायचा आहे आणि गच्चीवर पावसासाठी शेड टाकायची आहे. या तिन्हींचे नियम एका वहीत उतरवून द्याल का?” मी आठ दिवस मागितले. वही अजून चालू आहे.

पहिल्याच आठवड्यात सचिवाने हौसेने दोन पाने तयार केली होती: एक ‘बीपीएमसी ॲक्ट’चे आणि दुसरे ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमा’चे. दोन्ही एकच. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाचे शीर्षक पुढे बदलले, मजकूर तोच राहिला, आणि जुन्या कागदांवर जुने नाव, नव्यांवर नवे, अशी दोन्ही नावे शहरात एकत्र नांदतात. झाडांच्या बाबतीतही तेच. १९७५ च्या अधिनियमाच्या नावात आधी फक्त जतन होते, नंतर त्याच्या जोडीला संरक्षण आले, आणि २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ ही नवी वर्गवारी आणली. आमच्या आवारातला पिंपळ त्यात मोडतो की नाही, यावर संस्थेच्या दोन सभा खर्ची पडल्या.

नियमांची उतरंड एकदा समजून घेतली की पुढचे काम बरेच सोपे होते. सर्वांत वर अधिनियम. त्याच्या अनुसूचीतले नियम अधिनियमाचाच भाग मानायचे असे कलम ४५३ सांगते. करआकारणीचे नियम अशा रीतीने अनुसूची ‘ड’च्या आठव्या प्रकरणात बसलेले आहेत. त्यानंतर कलम ४५८ खाली महानगरपालिकेने करायचे उपविधी, आयुक्तांनी काढायचे स्थायी आदेश, सभागृहाचे ठराव, आणि सर्वांत खाली परिपत्रके. नागरिकाच्या हाती पडणारा कागद बहुधा या शेवटच्या पायरीवरचा असतो: जिन्यातल्या फलकावर चिकटवलेली सूचना किंवा पावतीच्या पाठीवरचा बारीक मजकूर. त्या कागदाला वरच्या कोणत्या पायरीचा आधार आहे, हे त्यावर क्वचितच नमूद असते, आणि माझ्या वहीचे निम्मे काम हा आधार शोधून पानावर लिहिणे एवढेच आहे.

ठाण्याच्या बाबतीत हा शोध मागे बराच लांब जातो. इथली नगरपालिका १८६३ ची. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ती आणि आसपासची बत्तीस गावे मिळून महानगरपालिका झाली. संस्था बदलली म्हणून तिचे जुने उपविधी त्या रात्री विरून जात नाहीत. संक्रमणकाळाच्या तरतुदी अधिनियमाच्या परिशिष्टात असतात आणि नवे नियम होईपर्यंत जुने त्या चालू ठेवतात. शिवाय सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम नावाचा, सामान्य माणसाने कधीही न ऐकलेला एक कायदा आहे. एखादा कायदा निरसित, म्हणजे रद्द, झाला तरी त्याखाली आधी घडलेल्या गोष्टींचे काय होते, ते तो ठरवतो. नवी मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे आधी शहर वसवणारी सिडको आली, तिची १९७५ ची विकास नियंत्रण नियमावली आली, आणि महानगरपालिका त्यानंतर, १९९२ च्या आरंभी, कामाला लागली. वाशीच्या माणसाने अशी वही करायला घेतली तर तिचे पहिले पान माझ्या पहिल्या पानासारखे असणार नाही.

तारीख लिहिणे हे सर्वांत साधे काम, असे मला वाटत असे. उपविधीला एक तारीख नसते. मसुदा सभागृहापुढे येतो ती एक, हरकती व सूचनांसाठी तो प्रसिद्ध होतो ती दुसरी, राज्य शासनाची मंजुरी मिळते ती तिसरी आणि राजपत्रात छापून येतो ती चौथी. वर्तमानपत्रात बातमी येते ती पहिल्या तारखेची. त्यामुळे ‘नियम झाला’ असे लोक तेव्हाच धरून चालतात, आणि मंजुरी वर्षभर रखडली तर ते वर्ष कोणत्या नियमाचे, यावर भांडणे होतात. घनकचऱ्याच्या बाबतीत तर ही साखळी केंद्रापासून सुरू होते. २००० चे नियम जाऊन २०१६ चे आले. दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना त्यांनी वेगळे काढले आणि वर्षभरात आपापले उपविधी करा, असे स्थानिक संस्थांना सांगितले. म्हणजे आमच्या ओल्या कचऱ्याच्या एका पानाला केंद्राची अधिसूचना, उपविधीच्या चार तारखा आणि दंडाचे दर ठरवणारा आदेश, इतक्या नोंदी लागतात. सचिवाला फक्त दंडाचा आकडा हवा होता.

ठरावांचे आणखी एक दुखणे आहे. सभागृहाने केलेला ठराव कलम ४५१ खाली शासन निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. ठराव एका बांधणीत असतो आणि तो विखंडित केल्याचा आदेश दुसऱ्या कुठल्या तरी नस्तीत, म्हणून इतिवृत्ताची वही उघडणाऱ्याला तो ठराव धडधाकट दिसतो. मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या सभागृहाची मुदत संपल्यावर सभागृहाऐवजी प्रशासकाने केलेल्या, म्हणजे प्रशासकीय ठरावांचा काळ आला, तेव्हा ‘सभागृहाने ठरवले’ असे लिहिण्याची माझी सवयही मला मोडावी लागली.

आता मराठीची स्वतःची एक गोची. पोटकलमांना आपण कधी अ, ब, क, ड लावतो, कधी क, ख, ग, घ. दोन्ही पद्धती अधिकृत कागदांत सर्रास आढळतात. त्यामुळे नुसते ‘पोटकलम (क)’ म्हटले तर ते पहिले की तिसरे, हे मजकूर उघडल्याशिवाय कळत नाही. माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातले सतरा बाबींचे जे प्रसिद्ध कलम आहे, ते एका कार्यालयाच्या फलकावर ४(१)(ख) असते आणि दुसऱ्याच्या फलकावर ४(१)(ब). अर्थ एकच, म्हणून इथे कोणी अडत नाही. पण दंडाच्या तक्त्यात ‘(क) चा भंग’ असे लिहिलेले असले की माणूस भलत्याच दंडाला सामोरा जातो. मी वहीत अक्षराबरोबर त्या पोटकलमाचे पहिले दोन शब्द लिहिते. जागा जाते, पण झोप लागते.

अमेरिकेतल्या शहरांची व्यवस्था मी निवृत्तीनंतर संगणकावर पाहिली आणि खरे सांगायचे तर हेवा वाटला. तिथे नगर परिषदेने केलेला प्रत्येक नियम सुटा पडून राहत नाही. विषयवार प्रकरणे पाडलेली एकच संहिता असते, नवा नियम त्या संहितेतल्या नेमक्या कलमात विणला जातो, आणि कलमाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते: हे कलम कोणत्या क्रमांकाच्या नियमाने, कोणत्या तारखेला आले आणि पुढे कशाकशाने बदलले. मधले काही क्रमांक ‘राखीव’ म्हणून मुद्दाम रिकामे ठेवतात, म्हणजे उद्या नवे कलम आले तर मागच्या सगळ्यांचे क्रमांक हलवावे लागत नाहीत. आपल्याकडे ही सोय नसल्यामुळे १५२ नंतर १५२अ, मग १५२ब अशी शेपटे वाढत जातात. छापील संहिता सुट्या पानांची असे. दुरुस्ती आली की पुरवणी यायची, जुने पान काढून नवे घालायचे. वॉशिंग्टन शहराने तर आपले कायदे गिटहबवर, म्हणजे कोणालाही फायली पाहून दुरुस्ती सुचवता येते अशा संकेतस्थळावर, ठेवले, आणि २०१८ मध्ये एका रहिवाशाने त्यातली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून पाठवली, ती स्वीकारलीही गेली. माझी डिंकाची बाटली आठवली.

अर्थात, आपल्या कायद्यातही हे सारे अपेक्षित आहे. माहितीच्या अधिकाराचे तेच चौथे कलम सांगते की अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमणिकेसह ठेवावेत, आणि कार्यालय ज्या नियम, विनियम, सूचना, नियमपुस्तिका व अभिलेखांच्या आधारे काम करते ते कोणी न मागता प्रसिद्ध करावेत. शासन निर्णयांना अठरा आकडी संगणक संकेतांक मिळू लागला ही त्यातली मोठी सुधारणा; त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात, त्यामुळे तारखेची निदान एक जागा पक्की झाली. राजपत्रातला मजकूर पुन्हा छापायला प्रताधिकाराचीही आडकाठी नाही. गंमत म्हणजे विधिमंडळाचा अधिनियम मात्र नुसता छापायचा नाही, त्याला भाष्य किंवा स्वतःचा काही मजकूर जोडून छापायचा, असे १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाचे म्हणणे आहे. माझ्या वहीतल्या शेऱ्यांना भाष्य म्हणायला हरकत नसावी.

शोधायला बसले की अडते ते लिपीपाशी. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर एकच चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीचे कागद वेगवेगळ्या फाँटमध्ये टंकलिखित झालेले आहेत. पडद्यावर ‘उपविधी’ असे स्वच्छ दिसते, पण तोच शब्द शोधायला टाकला तर काहीच सापडत नाही, कारण आतमध्ये ती रोमन अक्षरांची जुळणी असते. त्याही आधीचे कागद केवळ चित्रे आहेत. ती पाने मी सरळ हाताने उतरवून घेते.

आमच्या जुन्या कार्यालयातली एक गोष्ट अजून खटकते. कागदांचे वर्गीकरण आम्ही अ, ब, क, ड असे करत असू. ‘अ’ म्हणजे कायम जतन करायचे आणि ‘ड’ म्हणजे वर्षभराने नष्ट करायचे. परिपत्रके बहुधा ‘ड’मध्ये जात. ते परिपत्रक अजून लागू आहे का, असा रकाना त्या नोंदवहीत नव्हताच. माझ्या हातांनी मी अशी किती लागू परिपत्रके रद्दीत दिली असतील, याचा हिशेब आता लागणार नाही.

नव्या वहीत तो रकाना आहे. प्रत्येक पानावर वर नियमाचा आजचा मजकूर, खाली आधार, मग चार तारखा, मग ‘कशाने बदलला’ आणि शेवटी ‘मी कधी पडताळले’. झाडाचे आणि कचऱ्याचे पान शाईत आहे. गच्चीवरच्या शेडचे अजून पेन्सिलीत आहे, कारण तो प्रश्न ३ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत जातो, तिच्यात शहरनिहाय खास तरतुदींचे प्रकरण निराळे आहे आणि तिच्यातही फेरबदल होत असतात. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मुलुंडच्या मेव्हण्याकडची शेडची माहिती आणून दिली होती; चेकनाक्यापलीकडे बृहन्मुंबई आहे आणि तिला ही नियमावलीच लागू नाही, हे त्यांना समजावण्यात एक दुपार गेली.

परवा सचिव शेडचे ते पान मोबाईलमध्ये टिपायला लागला, समितीच्या ग्रुपवर टाकायला. मी त्याला थांबवले, कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातली, त्याखाली ‘पडताळणी बाकी’ असे लिहिले आणि मग फोटो काढू दिला.